‘सदोष मनुष्यवध’ हा शब्द जपून वापरावा

मा. संपादक यांस,

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या एकाच पानावर मृत्यूच्या तीन बातम्या होत्या. पहिलीत भरधाव मोटारीने एका पादचाऱ्याला उडवले होते, दुसरीत दोन शेजाऱ्यांच्या भांडणात डोक्यात काठी बसून एक जण दगावला होता आणि तिसरीत बांधकामावरची परांची कोसळून एक मजूर मरण पावला होता. तिन्ही बातम्यांच्या मथळ्यांत ‘सदोष मनुष्यवधाचा गुन्हा’ असे छापले होते. मजकुरात मात्र पहिल्या व तिसऱ्या बातमीत भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ दिले होते, म्हणजे हयगयीने मृत्यूस कारण होणे, आणि दुसरीत कलम १०३ दिले होते, म्हणजे थेट खून. ज्या गुन्ह्याचे नाव मथळ्यात होते तो या तिन्हींपैकी एकाही प्रकरणात दाखल झालेला नव्हता.

मी सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून सव्वीस वर्षे काम करून निवृत्त झालो. मी वकील नाही. पण साक्षी, युक्तिवाद आणि निकाल टंकलिखित करता करता काही कलमे अंगवळणी पडली, आणि त्यांत मनुष्यवधाची कलमे सर्वांत आधी. त्या ओळखीच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माणूस मेला आणि तो दुसऱ्याच्या कृतीने मेला, एवढे सिद्ध झाले म्हणजे खटल्याचा निम्माच भाग उरकलेला असतो. ती कृती करताना करणाऱ्याच्या मनात काय होते, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि आपल्या कायद्याने त्यासाठी प्रामुख्याने तीन शब्द ठेवले आहेत: उद्देश, जाणीव आणि हयगय. मृत्यू किंवा विशिष्ट इजा घडवून आणायचीच असे ठरवून केलेल्या कृतीमागे उद्देश असतो. तसे ठरवलेले नसताना, परंतु यातून माणूस मरण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही केलेल्या कृतीमागे जाणीव असते. आणि सारासार विचार करणाऱ्या माणसाने घेतली असती ती काळजी न घेणे ही हयगय. (‘खुनामागचा हेतू अद्याप अस्पष्ट’ असे वाक्य बातम्यांत नेहमी येते. हेतू म्हणजे मारण्यामागचे कारण, जसे पैसा, सूड किंवा संशय. ते कळले तर पुराव्याला बळ येते, परंतु प्रत्यक्षदर्शी साक्षीदार विश्वासार्ह असेल तर ते कळले नाही म्हणून खटला पडत नाही. उद्देश मात्र सिद्ध करावाच लागतो. हे दोन शब्द न्यायालयात एकमेकांच्या जागी वापरलेले चालत नाहीत.)

या मांडणीचे मूळ मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाच्या १८३७ च्या मसुद्यात आहे. त्यावरून १८६० ची भारतीय दंड संहिता झाली आणि ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यातील कलम २९९ सदोष मनुष्यवधाची, म्हणजे वर सांगितलेल्या उद्देशाने किंवा जाणिवेने घडवलेल्या मृत्यूची, आणि कलम ३०० खुनाची व्याख्या सांगत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हीच कलमे अनुक्रमे १०० व १०१ झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ आहे, खुनाच्या सदरात न मोडणाऱ्या सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचे ३०४ आता १०५ आहे, आणि हयगयीचे ३०४-अ आता १०६ आहे. आकडे बदलले, तरी खून आणि सदोष मनुष्यवध यांच्या व्याख्या जवळपास होत्या तशाच राहिल्या. त्यामुळे दीडशे वर्षांचे निवाडे आजही तितकेच कामाचे आहेत, आणि लोकांच्या तोंडून ‘तीनशे दोन’ जायलाही बराच काळ लागेल.

या दोन गुन्ह्यांचे नाते सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पुन्नय्या खटल्यात स्पष्ट केले. सदोष मनुष्यवध ही जात आणि खून हा तिचा एक प्रकार, असे न्या. सरकारिया यांनी म्हटले. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. त्याच निकालात या गुन्ह्याचे तीन अंश सांगितले आहेत: सर्वांत गंभीर तो खून, त्याखालचा तो ३०४ च्या पहिल्या भागात येणारा, ज्यात उद्देश असतो पण खुनाची व्याख्या लागत नाही, आणि सर्वांत खालचा तो दुसऱ्या भागातला, ज्यात फक्त जाणीव असते. हयगयीने झालेला मृत्यू या तिन्हींच्या बाहेर आहे. मूळ संहितेत त्यासाठी स्वतंत्र कलमच नव्हते, ते १८७० मध्ये घातले गेले. म्हणून मोटार अपघाताच्या किंवा परांचीच्या बातमीत, कलम १०६ लागलेले असताना ‘सदोष मनुष्यवध’ लिहिणे ही शब्दाची किरकोळ ढिलाई ठरत नाही. त्याने गुन्ह्याचा वर्गच बदलतो.

व्याख्येतले शब्द वाचताना कसे निसटतात आणि प्रत्यक्षात कसे माणसाचा जीव वाचवतात, हे पाहायचे तर १८७६ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा गोविंदा खटला वाचावा. आरोपी अठरा वर्षांचा, बायको पंधरा वर्षांची. भांडणात त्याने तिला लाथ मारून खाली पाडले, एक गुडघा तिच्या छातीवर रोवला आणि बंद मुठीने तिच्या चेहऱ्यावर दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. हातात शस्त्र नव्हते, आधीचा कट नव्हता. न्या. मेलव्हिल यांनी दोन्ही कलमे शेजारी-शेजारी दोन स्तंभांत मांडली आणि फरक दाखवणारे शब्द ठळक केले. एकीकडे ‘मृत्यू येण्याचा संभव असलेली’ इजा आणि दुसरीकडे ‘निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू आणण्यास पुरेशी’ इजा. जमिनीला डोके टेकलेल्या माणसाच्या डोळ्यावर मुठीचा जोरदार ठोसा बसला तर मृत्यू संभवतो, पण अशा ठोशाने माणसे सहसा मरतातच असे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गोविंदाला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरून सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ‘संभव’ आणि ‘पुरेशी’ या दोन शब्दांमधल्या अंतरावर तो निकाल उभा आहे. त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर हा निकाल आजही घशाखाली उतरत नाही, हे मी नाकारत नाही. पण कायद्याचे विद्यार्थी दीडशे वर्षे त्याच दोन स्तंभांवरून हा फरक शिकत आले आहेत.

याच्या दुसऱ्या बाजूला १९५८ चा विरसा सिंग खटला आहे. भाल्याचा एकच वार, पोटात. आतडी बाहेर आली आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशी मरण पावला. वार एकच आहे, ठार मारण्याचा उद्देश सिद्ध झालेला नाही, तेव्हा हा खून कसा, असा बचाव होता. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस तेव्हा सर्वोच्च न्यायालयात होते. त्यांनी उत्तर दिले की ठार मारण्याचा उद्देश शोधायची गरजच नाही. जी जखम झाली तीच जखम करण्याचा आरोपीचा उद्देश होता का, एवढे पाहायचे. ती चुकून झाली नसेल, भाला दुसरीकडे रोखलेला असताना निसटून लागला नसेल, तर उद्देशाचा प्रश्न तिथेच संपतो. मग ती जखम सामान्य क्रमात मृत्यू आणण्यास पुरेशी होती का, हा डॉक्टरांना विचारायचा वस्तुनिष्ठ प्रश्न उरतो, आणि त्यात आरोपीला काय वाटत होते याचा संबंध येत नाही.

डॉक्टरांना विचारायचा हा प्रश्न मी माझ्या कामाच्या काळात शेकडो वेळा टंकलिखित केला असेल. डॉक्टर पिंजऱ्यात येतात, शवविच्छेदनाच्या नोंदी वाचतात: जखमेची लांबी, रुंदी, खोली, कोणता अवयव फाटला, किती रक्त साचले. मृत्यूचे कारण सांगतात. आणि मग सरकारी वकिलांनी विचारायचे असते की ही जखम निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू आणण्यास पुरेशी होती काय. एका खटल्यात हा प्रश्न विचारायचाच राहिला. डॉक्टरांच्या अहवालातही ते वाक्य नव्हते. ‘डोक्याच्या इजेमुळे मृत्यू’ एवढीच ओळ होती. उलटतपासणीत बचाव पक्षाने वेळेवर उपचार मिळाले असते तर रुग्ण वाचू शकला असता, एवढे डॉक्टरांकडून वदवून घेतले आणि खाली बसले. वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचला असता, हा कायद्यात बचाव होत नाही. संहितेतच तसे स्पष्टीकरण आहे. तरीही निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी सांगितलेला परिच्छेद मी लिहून घेतला, त्यात जखम ‘पुरेशी’ असल्याचा पुरावा अभिलेखावर नाही, सबब आरोपीस खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरण्यात येते, असे होते. बाहेर व्हरांड्यात मृताचा भाऊ वकिलांना विचारत होता, ‘साहेब, माणूस तर मेला ना?’ दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात ‘खुनाच्या आरोपातून सुटका’ असा मथळा आला. आरोपी तेव्हा कारागृहात होता, आणि पुढे सात वर्षे तिथेच राहिला.

खुनाच्या व्याख्येला पाच अपवाद आहेत: गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ, खासगी बचावाच्या हक्काची मर्यादा ओलांडणे, लोकसेवकाने कर्तव्य बजावताना सद्भावनेने अधिकार ओलांडणे, अचानक उद्भवलेली झटापट, आणि अठरा वर्षांवरील व्यक्तीची स्वतःची संमती. अपवादात बसले म्हणजे सुटले, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. अपवादात बसलेला माणूस १०५ मध्ये जातो, घरी जात नाही. प्रक्षोभाचा अपवाद तर जितका बोलला जातो तितका सहजी मिळत नाही. नानावटी खटल्यात २७ एप्रिल १९५९ रोजी विवाहबाह्य संबंधाच्या पत्नीच्या कबुलीनंतर नौदल अधिकारी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाला, कुटुंबाला चित्रपटगृहापाशी सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली आणि चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तिच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले असताना सत्र न्यायाधीशांनी ते मत अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि उच्च न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो निर्णय कायम केला. मधल्या सुमारे तीन तासांत राग ओसरून भान येण्यास पुरेसा अवधी होता, हे त्यामागचे कारण. ‘आकस्मिक’ हा शब्द घड्याळावर असा मोजला जातो.

आता मला खरे जे म्हणायचे आहे तिकडे येतो. खून आणि सदोष मनुष्यवध यांतली रेषा बारीक असली, तरी ती आखून देणारे निवाडे भरपूर आहेत. जाणीव आणि हयगय यांच्यातली रेषा, म्हणजे १०५ चा दुसरा भाग आणि १०६ यांच्यातली, फार धूसर आहे, आणि लोकांचा सर्वाधिक संताप होतो ती प्रकरणे नेमकी याच रेषेवर असतात. १०५ दखलपात्र व अजामीनपात्र आहे, खटला सत्र न्यायालयात चालतो आणि दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १०६ च्या पहिल्या पोटकलमाचा गुन्हा जामीनपात्र आहे, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि कमाल शिक्षा पाच वर्षे आहे. जुन्या कायद्यात ती फक्त दोन वर्षे होती, आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या उपचारातील हयगयीसाठी ती आजही दोनच आहे. ‘आरोपीला काही तासांत जामीन’ ही बातमी वाचून वाचक पोलिसांना आणि न्यायाधीशांना बोल लावतो. पण जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. प्रश्न विचारायचा तर लावलेल्या कलमाबद्दल विचारावा.

आणि ते कलम कोणते असावे, हे ठरवणे सोपे नसते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये दारू पिऊन चालवलेली मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने हयगय मानून सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने तीच घटना जाणिवेच्या सदरात बसवून तीन वर्षांची कैद दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. मोटार तीच, रात्र तीच, मेलेली माणसे तीच. फरक होता तो इतकाच की दारू पिऊन, पदपथावर मजूर झोपतात हे माहीत असलेल्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याच्या मनात जाणीव होती असे म्हणायचे की नाही. भोपाळमध्ये याच्या उलट घडले. हजारो माणसे दगावलेल्या १९८४ च्या वायुकांडात दोषारोप सदोष मनुष्यवधाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो हयगयीवर आणला आणि २०१० मध्ये जी शिक्षा सुनावली गेली ती दोन वर्षांची होती, कारण त्या कलमात त्याहून अधिक शिक्षाच नव्हती. दोष पुसला गेला नव्हता. तो ज्या कलमात बसवला गेला, त्या कलमाची कमाल मर्यादा तेवढीच होती.

हयगयीचे कलमदेखील सरसकट लागत नाही, हेही सांगायला हवे. एखाद्याची हयगय होती आणि त्यानंतर मृत्यू झाला, एवढे पुरत नाही. त्या हयगयीने मृत्यू थेट घडवून आणला पाहिजे. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी ही कसोटी घातली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या आगीच्या खटल्यात तीच लावली. त्या कारखान्याच्या चालकाने ज्वालाग्राही टर्पेंटाइनचा साठा असलेल्या जागीच बर्नर पेटते ठेवले होते. पण भडका उडाला तो एका कामगाराने गरम राळेत घाईघाईने टर्पेंटाइन ओतल्यामुळे. सात कामगार मेले. चालकाची मृत्यूच्या कलमातून मुक्तता झाली आणि ज्वालाग्राही पदार्थांबाबतच्या हयगयीबद्दलचा दोष मात्र कायम राहिला. आपल्या तिसऱ्या बातमीतील परांचीच्या प्रकरणात हाच मुद्दा उद्या येईल: परांची बांधली कोणी, तपासली कोणी, तिच्यावर जादा भार टाकायला सांगितले कोणी? आपल्या बातमीत ‘ठेकेदारावर सदोष मनुष्यवध’ एवढेच आहे.

जमावाच्या प्रकरणांत आणखी एक पदर असतो. समान उद्देशाने अनेकांनी मिळून केलेल्या कृत्यासाठी प्रत्येक जण जणू ते त्याने एकट्यानेच केले असे धरून जबाबदार ठरतो, मग घाव कोणीही घातलेला असो; जुन्या ३४ चे हे तत्त्व आता कलम ३(५) मध्ये आहे. पाच किंवा अधिक जणांच्या गटाने जात, भाषा, जन्मस्थान, लिंग, वंश अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी १०३(२) ही नवी तरतूद आली आहे. मात्र बातमीत ‘जमावाने ठेचून मारले’ असे लिहिताना कोणाकोणावर कोणत्या कलमाखाली गुन्हा आहे, हे क्वचितच कळते.

‘कलमात वाढ’ किंवा ‘कलम सौम्य केले’ अशा बातम्यांबद्दलही एक सांगतो. फिर्यादीतले कलम हा पोलिसांचा पहिला अंदाज असतो. तपासाअंती दोषारोपपत्रात ते बदलू शकते, दोषारोप निश्चित करताना न्यायालय ते बदलू शकते, आणि निकाल देईपर्यंत दोषारोपात फेरफार करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. खुनाचा आरोप ठेवलेल्याला, वेगळा दोषारोप नसतानाही, त्याहून लहान गुन्ह्याबद्दल दोषी धरता येते. त्यामुळे पहिल्या दिवशीचे ‘१०३’ हे सत्य नव्हे आणि सहा महिन्यांनंतरचे ‘१०५’ हे साटेलोटे असेलच असे नाही. कधी ते असतेही. पण तसा आरोप करायचा तर शवविच्छेदन अहवालात काय आहे, शस्त्र कोणते होते, वार कुठे आणि किती होते, हे वाचकाला सांगून मग करावा.

माझी विनंती फार मोठी नाही. बातमीत कलमाचा आकडा द्यावा आणि त्याचे खरे नावही द्यावे: १०३ असेल तर खून, १०५ असेल तर सदोष मनुष्यवध, १०६ असेल तर हयगयीने मृत्यू. नव्या संहितेला अजून लोक सरावलेले नाहीत, तेव्हा पुढची काही वर्षे जुना आकडाही सोबत दिला तर बरे होईल. निकालाच्या बातमीत ‘सुटका’ हा शब्द फक्त सुटका झाली असेल तेव्हाच वापरावा. आणि शक्य असेल तर, वर उल्लेखिलेल्या तिन्ही प्रकरणांत दोषारोप निश्चित होईल त्या दिवशी, कोणत्या कलमाखाली झाला याची दोन ओळींची का होईना, पण बातमी छापावी. गेल्या आठवड्याचे ते पान मी कापून ठेवले आहे.

आपला नम्र,
सत्र न्यायालयातील एक निवृत्त लघुलेखक